गुबगुबीत पिशव्या

पैशाची गाडी आमच्या गल्लीत शिरायची ती एखाद्या रागावलेल्या कपाटासारखी. करडा रंग, जाड पत्रा, खिडक्यांना जाळ्या. आधी ती औषधांच्या दुकानापुढे थांबायची. मागचं दार उघडायचं, बंदूकवाले उतरायचे, इकडे बघायचे, तिकडे बघायचे, आत जाऊन सीलबंद पिशवी घेऊन यायचे. सही, शिक्का, दार धाडकन बंद. मग गाडी जरा पुढे सरकायची आणि खेळण्यांच्या दुकानापुढे सगळं पुन्हा पहिल्यापासून. मग चष्म्यांचं दुकान, मग माझं बटणांचं, आणि शेवटी शेजारची आमच्या दिरांची बेकरी. तोंडातली गोळी विरघळायच्या आत चालून संपेल एवढीशी गल्ली, पण मागे अडकलेला टेम्पोवाला उतरून दाढी करून आला असता तरी चाललं असतं.

यात काही चमत्कारिक आहे असं कुणालाही वाटत नव्हतं. प्रत्येक दुकानाचा कंपनीशी वेगळा करार, म्हणून प्रत्येकाचा वेगळा थांबा, आणि थांब्यामागे पैसे. फोनवरून पैसे देणारी गिऱ्हाईकं वाढली होती हे खरं, पण आमच्याकडे येणारी निम्मी मंडळी एक तर फार म्हातारी नाही तर फार लहान. त्यांच्या मुठीत रोकडाच असतो. तर, एक दिवस कंपनीनं थांब्याचा दर वाढवला. असा वाढवला की पत्र वाचून औषधवाल्या बाईंनी विक्रीला ठेवलेलं रक्तदाबाचं यंत्र स्वतःच्याच दंडाला गुंडाळलं.

माझं निभलं असतं. बटणं, चेन, लेस आणि अस्तर विकणारीची पिशवी ती केवढी! आठवड्यातून एकदा गाडी आली तरी पुरे. बेकरीचं तसं नाही. पाव रोज भाजायचा, रोज विकायचा, आणि गल्ल्यात रोज जमणारे पैसे रात्रभर तिथे ठेवायचे नाहीत.

"ताई, जरा आत येऊ का?" असं धाकटी विचारते तेव्हा ती आधीच आत आलेली असते. धाकटी म्हणजे माझी जाऊ. हाताला पीठ, कपाळाला पीठ. तिला कधी बिनपिठाची पाहिली तर मी ओळखीन की नाही कोण जाणे.

"हे म्हणतायत, गाडी बंद करू या."

"आणि पैसे?"

"मी नेतो म्हणतायत. पूर्वीसारखे. स्कूटरवरून."

एवढं बोलून ती काउंटरवरची शर्टाची बटणं कोटाच्या बटणांच्या डब्यात टाकायला लागली. मी टाकू दिली. तिच्या हातांना काहीतरी काम हवं होतं.

पूर्वीसारखे म्हणजे काय ते आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं. पूर्वी भावजी पावाच्या क्रेटमध्ये कागदाखाली पिशवी दडवून बँकेत जायचे. कुणाच्या बापाला कळणार नाही म्हणायचे. कुणाला तरी कळलं. चौकातल्या सिग्नलला मोटरसायकलवरून दोघं आले आणि पिशवीला हात घातला. भावजींनी ती सोडली नाही. फरफटत गेले, खांदा मोडला, आणि कितीतरी दिवस त्यांना शर्ट घालायलाही माणूस लागायचं. ते मात्र ही गोष्ट विनोदासारखी सांगतात. "पिशवी गेली, पण पट्टा नाही सोडला मी!" तो तुटका पट्टा त्यांनी भट्टीशेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवलाय. गिऱ्हाईकं हसतात. धाकटी त्या खिळ्याकडे कधी बघत नाही.

मी तडक शेजारी गेले. "भावजी, ऐकलं ते खरं का?"

"वहिनी, पाव घ्या, गरम आहे."

"पाव नंतर. स्कूटरचं बोला."

"तीही गरम करून ठेवलीय." त्यांनी ट्रे बाहेर ओढला. "अहो, नव्या दरानं रोज एक अख्खी भट्टी त्या गाडीसाठी फुकट भाजावी लागेल मला. मी काय त्यांचा नोकर आहे?"

"एक महिना द्या मला. काहीतरी बघते."

"काय बघणार?"

"ते माहीत असतं तर महिना कशाला मागितला असता?"

ते हसले. "बरं. महिना दिला. पण त्यानंतर मध्ये पडायचं नाही हां, वहिनी."

दुसऱ्याच दिवशी मी गाडीच्या कंपनीत गेले. तिथे दर ठरवणाऱ्या एक बाई होत्या. टेबलावर एक मरतुकडं रोपटं आणि शेजारी त्याला घालायचं पाणी, पण बाईंना दोन्हींची गाठ घालून द्यायला सवड नसावी.

"पेट्रोल महागलं म्हणून का हो?" मी विचारलं.

"पेट्रोलचं काय घेऊन बसलात! आमची गाडी धावते तेव्हा स्वस्त असते. थांबते तेव्हा महाग."

"म्हणजे कसं?"

"थांबली की दार उघडणार. दार उघडलं की धोका. मग एक माणूस बाहेर, एक आत, एक चाकावर, आणि विमेवाला आमच्या मानगुटीवर."

माझ्या डोळ्यांपुढे आमची गल्ली आली. थांब, उघड, सही, धाडकन. "आणि आम्ही सगळ्यांनी मिळून एकदाच थांबवली तर?"

बाईंनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. "तर एकाच थांब्याचे पैसे. ते आपसात वाटून घ्या. नोटांच्या पिशव्या कितीही चालतील. नाणी तेवढी वजनावर, ती वेगळी."

"नाणी कुठली आलीत आमच्याकडे!" मी म्हटलं. उठता उठता त्या रोपट्याला पाणीही घातलं.

एकच थांबा करायचा तर सगळ्यांच्या पिशव्या गाडी येईपर्यंत ठेवायला भक्कम जागा हवी. ती चष्मेवाल्यांकडे होती. त्यांच्या जागेत पूर्वी सोनार होता. सोनार गेला, तिजोरी राहिली, कारण ती हलवायची तर भिंत पाडावी लागली असती. चष्मेवाले तिच्यात स्वतःचा जेवणाचा डबा आणि लोकांनी करायला देऊन न्यायला विसरलेले चष्मे ठेवत.

"माझी हरकत नाही," ते म्हणाले, "पण मग डबा कुठे ठेवू?"

"खेळण्यांच्या दुकानात ठेवा. तिथे स्वयंपाकघराचा संच आहे," औषधवाल्या बाई म्हणाल्या.

खेळणीवाला मात्र हसला नाही. "म्हणजे माझी पिशवी तुम्हा सगळ्यांना दिसणार."

"सीलबंद असते की!"

"तोंड बंद असतं. पोट दिसतंच ना?"

आम्ही ते हसण्यावारी नेलं. बाकी सगळं बिनबोभाट ठरलं.

पहिल्या दिवशी आम्ही सगळे आपापल्या पिशव्या घेऊन चष्मेवाल्यांकडे जमलो. गाडी आली, एकदाच थांबली. बंदूकवाले आत आले. माझी पिशवी त्यांनी दोन बोटांत उचलली, औषधवाल्या बाईंची हातात, खेळणीवाल्याची काखेत. मग बेकरीची उचलायला वाकले आणि त्यांच्या तोंडून "अगं आई गं" असं निघालं.

सगळ्यांच्या माना भावजींकडे वळल्या. भावजींनी ॲप्रन सारखा केला.

"चाललंय आपलं," ते म्हणाले.

त्या दोन शब्दांनी घात केला. दोनच दिवसांत खेळणीवाल्याची पिशवी बाळसं धरायला लागली. मग औषधवाल्या बाईंची. चष्मेवाल्यांच्या दुकानात दिवसभरात माणूस दिसायचं नाही, पण संध्याकाळी पिशवी अशी की तिला बसायला खुर्ची द्यावी. सगळे एकमेकांच्या पिशव्यांकडे तिरक्या नजरेनं बघायचे आणि "काय मग, जोरात!" म्हणायचे. माझ्या पिशवीला लाडानं 'पाकीट' म्हणायला लागले. आमचे हे, जे एरवी दुकानात शब्दकोडं सोडवण्यापलीकडे कशात लक्ष घालत नाहीत, एक दिवस हळूच म्हणाले, "आपणही जरा मोठी पिशवी मागवू या का?"

"कशानं भरायची? हुकांनी?"

"नाही, आपलं सहज म्हटलं," म्हणून परत कोड्यात शिरले.

महिना झाला, बिल आलं. थांबा स्वस्तात पडला होता, अगदी बाईंनी सांगितल्याप्रमाणे. पण त्याखाली नाण्यांचं वजन होतं, आणि त्याचे पैसे मिळवले की प्रत्येकाचा वाटा जवळजवळ नव्या दराएवढाच. मी कंपनीत फोन केला.

"ताई," त्या दराच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या गल्लीत खाण लागली का हो? आमच्या माणसानं कमरेला पट्टा बांधलाय."

मी एकेकाला विचारत सुटले. नाणी? छे, माझ्याकडे कुठली? खेळणीवाल्यानं औषधवाल्या बाईंकडे बोट दाखवलं, बाईंनी चष्मेवाल्यांकडे, आणि चष्मेवाले म्हणाले की त्यांना लांबचं नीट दिसत नाही. पिशव्या सीलबंद; उघडून बघणार कोण?

संध्याकाळी भावजी माझ्या दारात आले. या खेपेला हातात पाव नव्हता. "वहिनी, तुम्ही केलंत तेवढं खूप झालं. सोमवारपासून मी नेतो." विनोद नाही, काही नाही. त्यांच्या मागे बेकरीत काहीतरी मोठ्यानं पडलं. धाकटीच्या हातातला ट्रे असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाऊकवाल्याकडे दोरे आणायला निघाले. चौकात आले तर सिग्नलपाशी भावजी. स्कूटरवर, पुढे पावाचं क्रेट, क्रेटमध्ये एक रिकामी पिशवी; ती रिकामी होती हे तिच्या पडलेल्या पोटावरून कळत होतं. सोमवारची रंगीत तालीम चालली होती. सिग्नल हिरवा झाला. मागच्यांनी भोंगे वाजवले. भावजींचे दोन्ही पाय जमिनीवर. कुणी गाडीच्या खिडकीतून डोकं काढून त्यांना काहीतरी सुनावलं. ते मान हलवून "हो, हो" म्हणाले, पण निघाले नाहीत. सिग्नल लाल झाला, परत हिरवा झाला. मग बाजूनं एक मोटरसायकल सुसाट गेली आणि त्यांनी ती रिकामी पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

मी पेपरच्या टपरीमागे उभी राहिले. पेपरवाला म्हणाला, "घ्यायचाय का?" मी म्हटलं, "हळू बोल." भावजींनी उतरून स्कूटर वळवली आणि हातानं ढकलत परत नेली. चालू करायचंही त्यांना सुचलं नाही.

मी दोरे न घेताच परतले. हे कुणाला सांगायचं नाही, धाकटीला तर नाहीच, असं वाटेतच ठरवलं. पण दुकानात येऊन बसले तरी कशात मन लागेना. तेवढ्यात एक आजोबा एक बटण घ्यायला आले. एकच. आणि त्यासाठी काढली ती भलीमोठी नोट.

"सुटे नाहीत हो, आजोबा."

"तुमच्या गल्लीत कुणाकडेच नाहीत. औषधवाल्या बाईंनी मला उरलेल्या पैशांच्या खोकल्याच्या गोळ्या दिल्या. मला खोकला नाही."

त्यांना बसवून मी गल्लीत सुटे मागायला निघाले. औषधवाल्या बाईंनी "नाहीत बाई" म्हणत गल्ला कमरेनं ढकलून बंद केला, तो खुळखुळला. खेळणीवाला एका पोराला सुट्या पैशांऐवजी शिट्टी देत होता. आधीच दिलेल्या शिट्ट्यांनी गल्ली दुमदुमत होती. चष्मेवाले मला बघून आतल्या खोलीत गेले. बेकरीत धाकटी एकटीच काउंटरवर होती.

"सुटे दे गं जरा."

"ताई, ह्यांनी सांगितलंय, कुणाला सुटे द्यायचे नाहीत…" आणि ती थांबली. मी तिच्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे. पूर्वी सगळ्या गल्लीला सुटे लागले की कुठे यायचे? बेकरीत. दिवसभर पोरं आणि म्हातारी माणसं मुठीतली चिल्लर आणून ओततात ती इथेच. एक थांबा झाल्यापासून ती इथून बाहेरच पडत नव्हती.

"पिशवी जड दिसावी म्हणून?" मी विचारलं.

धाकटीनं कपाळावर हात मारला. होतं त्यात आणखी पीठ लागलं. "रोज घरी येऊन सांगतात मला, आज बंदूकवाले कसे वाकले ते! मला वाटलं, नोटाच असतील."

संध्याकाळी गाडी गेल्यावर आम्ही दोघींनी सगळ्यांना चष्मेवाल्यांकडे थांबवून घेतलं. धाकटी पिठाचा डबा घेऊन आली आणि तिनं तो काउंटरवर चष्म्यांच्या मधोमध उपडा केला. दुपारपासून तिनं पिशवीत जाऊ न दिलेली नाणी घरंगळत टेबलाखाली गेली.

"ही आमची श्रीमंती. सगळ्यांनी नीट बघून घ्या."

"अगं, काय हे चारचौघांत…" भावजी भट्टीसारखे लाल झाले.

"चारचौघांसाठीच चाललं होतं ना? मग होऊ दे चारचौघांत!"

मग खेळणीवाला खाकरला. "मला वाटलं, तुमचं खरंच एवढं चालतंय. म्हणून मीही जरा… साठवली."

"मी पण," औषधवाल्या बाई म्हणाल्या. "तो लोकांना खोकल्याच्या गोळ्या वाटायचा प्रकार मला मुळीच आवडत नव्हता."

"आणि तुम्ही?" मी चष्मेवाल्यांना विचारलं. "तुमच्याकडे कोण चिल्लर आणतं?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "बँकेतून आणायचो."

"म्हणजे? तुमची नाणी आमच्या खर्चानं गाडीत बसून बँकेत जायची आणि तुमच्याबरोबर चालत परत यायची?"

"चालत नाही हो," ते अपराधी आवाजात म्हणाले, "रिक्षानं."

पहिल्यांदा धाकटी खो खो हसत सुटली. मग औषधवाल्या बाई, मग सगळेच. भावजी सगळ्यात शेवटी, पण सगळ्यात जास्त वेळ हसले. डोळे पुसत होते.

त्यानंतर वेळ लागला नाही. नाणी गल्लीतच ठेवायची. बेकरीत जमलेली चिल्लर सकाळी ज्याला लागेल त्यानं न्यायची आणि तेवढ्याच्या नोटा बेकरीला द्यायच्या. गाडीत फक्त नोटा.

"आणि पोटाचं काय?" खेळणीवाल्यानं विचारलं. खरं दुखणं ते होतं, आणि आम्ही महिन्यापूर्वी त्यावर हसलो होतो.

"त्याचा इलाज माझ्याकडे आहे," मी म्हटलं. "जुनं अस्तर पडलंय, कापूस आहे. सगळ्यांना एकाच मापाच्या खोळी शिवून देते, जाडजूड. दुकानातून इथे येताना पिशवी खोळीत घालून आणायची, इथे तिजोरीआड काढायची. आत एकच नोट असली तरी बाहेरून जहागीरदार!"

"माझी जरा मोठी…" चष्मेवाले म्हणाले.

"एकाच मापाच्या!" आम्ही सगळे ओरडलो.

भावजी जमिनीवरची नाणी वेचत होते. मान वर न करता म्हणाले, "मग सोमवारचं काय करायचं, वहिनी?"

आवाज अगदी सहज ठेवला होता. मीही सहजच ठेवला. "सोमवारी तुम्हाला सवड कुठली? सुटे वाटायचं काम कोण करणार? बेकरीत तुम्हीच लागणार. बँकेतबिंकेत जायला जमायचं नाही तुम्हाला, सांगून ठेवते."

"हो का?" त्यांनी टेबलाखालचं एक नाणं उचललं आणि बराच वेळ ते पुसत राहिले. मग भट्टीचं दार उघडल्यावर वाफ बाहेर पडते तसा त्यांचा श्वास सुटला. "मग काय, नाइलाज आहे."

धाकटीनं डबा हातात घेतला, पण तिला त्यावर झाकण लावता येईना. मी लावून दिलं.

खोळी शिवायला मला रविवार पुरला. आमच्या ह्यांनी शब्दकोडं बाजूला ठेवून कापूस भरला. भावजी खोळ न्यायला आले ते हातात तो तुटका पट्टा घेऊन. खिळ्यावरून काढला होता.

"याला लावता येईल का हो, वहिनी? चांगला मजबूत आहे. मी खात्री करून घेतलीय."

मी तो दुहेरी टाक्यानं शिवून दिला.

पुढच्या बिलात नाण्यांच्या वजनापुढे रेघ होती आणि एका थांब्याचे पैसे वाटून प्रत्येकाच्या वाट्याला इतके कमी आले की औषधवाल्या बाईंनी ते रक्तदाबाचं यंत्र पुसून परत विक्रीला ठेवलं. गाडी येते, एकदा थांबते, जाते. टेम्पोवाल्याला आता दाढी घरूनच करून यावी लागते. बंदूकवाल्यांनी कमरेचा पट्टा सोडला. खोळींचा ढीग बघून त्यांच्यातला एक मला म्हणाला, "ताई, मला घरी डोक्याखाली घ्यायला एक शिवून द्या ना."

आणि संध्याकाळी गाडीची वेळ झाली की भावजी बेकरीतून निघतात. पट्टा खांद्यावर, तोच, मोडलेला खांदा. खोळ कमरेशी डुलत असते. एवढीशी गल्ली, पण त्यांना पोचायला पूर्वीच्या गाडीएवढाच वेळ लागतो. माझ्या दारात थांबतात, उगाच पुढे खेळण्यांच्या दुकानापर्यंत जाऊन एखाद्या पोराची शिट्टी वाजवून बघतात, मधोमध उभं राहून टेम्पोवाल्याशी गप्पा मारतात. एकदाही मागे वळून बघत नाहीत.

"अहो, चला ना!" धाकटी दारातून ओरडते. "भट्टीत पाव आहे, करपेल!"

"करपू दे गं," ते खोळीवर थाप मारत म्हणतात. "आपल्याला काय कमी आहे?"